पाहण्याचे ऋण

जगातील नितांतसुंदर स्थळांच्या याद्या हल्ली वारंवार प्रसिद्ध होतात, आणि त्या वाचताना सुशिक्षित कुटुंबातील मनुष्यास एक प्रकारची हुरहूर लागल्यावाचून राहत नाही. आल्प्सची हिमशिखरे, व्हेनिसचे कालवे, आग्र्याचा ताज, जपानातील चेरीचा मोहोर, ह्यांपैकी आपण काय पाहिले आणि काय पाहावयाचे राहिले, ह्याचा हिशेब मन आपोआप मांडू लागते. 'आयुष्यात एकदा तरी पाहिलेच पाहिजे' हे अशा याद्यांचे पालुपद असते. ह्या वाक्यातील 'पाहिजे' हा शब्द मोठा विचार करण्याजोगा आहे. ती कर्तव्याची भाषा झाली. परंतु हे कर्तव्य कोणाचे, कोणाप्रत आणि कशासाठी, ह्याचा उलगडा याद्या करीत नाहीत. सौंदर्य पाहणे हा मनुष्याचा केवळ हक्क आहे, की ते पाहिल्याने त्याच्यावर काही देणेही बसते? प्रस्तुत लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

ह्या बाबतीत दोन मते सामान्यतः ऐकू येतात. पहिले मत प्रवासप्रेमी माणसाचे. देशाटनाने चातुर्य येते हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत; तेव्हा ऐपत असेल त्याने जग पाहावे, नसेल त्याने चित्रे पाहावी, असे तो म्हणतो. दुसरे मत घरात रमणाऱ्या माणसाचे. ज्यास आपल्या परसातील प्राजक्त दिसत नाही त्यास आल्प्स काय दिसणार, असा त्याचा सवाल असतो. हे दुसरे मत ऐकावयास गोड लागते व खिशासही सोईचे असते. म्हणूनच ते जरा सावधपणे पारखून घेतले पाहिजे. परसातील प्राजक्त दिसत नाही म्हणून जो आल्प्सला जात नाही, त्याला प्राजक्त दिसू लागतोच असे नाही. बहुधा त्याला दोन्ही दिसत नाहीत. जवळ असणे आणि पाहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ह्याची प्रचीती पाहावयाची असल्यास फार लांब जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यात, नांदेडच्या दक्षिणेस, मन्याडच्या खोऱ्यात कंधार हे गाव आहे. तेथील भुईकोट किल्ला, त्याभोवतालचा पाण्याचा खंदक आणि गावालगतचा विस्तीर्ण तलाव जगातील कोणत्याही नामांकित यादीत आढळावयाचे नाहीत. तथापि ह्या गावाचे नाव एके काळी राजांच्या बिरुदात होते. ज्या राष्ट्रकूटांपैकी पहिल्या कृष्णाने आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कोरविले, ते राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे मानले जाते. त्याच वंशातील तिसऱ्या कृष्णाच्या, म्हणजे दहाव्या शतकाच्या, काळाशी कंधारचे वैभव जोडलेले आहे. येथील शिलालेखात ज्या जलाशयास 'जगत्तुंग समुद्र' म्हटले आहे, त्याचे नाव आजही तलावाला चिकटून आहे. क्षेत्रपालाच्या एका विराट मूर्तीचे भग्न अवशेषही येथे मिळाले. ते पाहताना मूळ मूर्ती केवढी असेल ह्याचे अनुमान मनानेच बांधावे लागते. डोळ्यांचे काम तेथे अर्ध्यावर संपते.

ह्या गावातून रोज शेकडो माणसे बाजारास, शाळेस, कचेरीस जातात. किल्ला त्यांच्या वाटेवर आहे, आणि म्हणूनच तो त्यांच्या नजरेत नाही. ह्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आग्र्याच्या रहिवाशाची ताजविषयी स्थिती ह्याहून फारशी निराळी नसावी. सवय ही डोळ्यांवरची साय आहे, आणि ती बाजूस सारण्यास पुष्कळदा परक्याचेच बोट लागते. अजिंठ्याची चित्रे त्या मुलखातील गुराख्यांस ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? परंतु 1819 साली शिकारीस निघालेला एक इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला, तेव्हापासून जग त्यांना ओळखू लागले. तेव्हा 'आपले अंगण बरे' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, आपल्या अंगणाची किंमत आपणांस पुष्कळदा पाहुण्याने सांगितलेली आहे.

इतके मान्य केल्यावर प्रवासप्रेमी माणसाचा पक्ष सिद्ध झाला असे वाटेल. पण त्याच्याही वाटेत एक मोठी अडचण आहे. पाहणे ही निरुपद्रवी क्रिया आहे असे आपण समजतो. पाहिल्याने पाहिलेली वस्तू झिजत नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत खोटी आहे. फ्रान्समधील लास्को येथील गुहेत आदिमानवाने रंगविलेली जनावरे 1940 साली उजेडात आली. हजारो वर्षे अंधारात जी टिकली, ती पाहणाऱ्यांच्या श्वासोच्छ्वासाने व दिव्यांच्या उजेडाने अल्पावधीत बिघडू लागली. अखेर 1963 साली गुहा लोकांस बंद करावी लागली आणि 1983 पासून जवळच तिची प्रतिकृती दाखविण्यात येऊ लागली. अजिंठ्याची गोष्ट आणखी विचारात पाडणारी आहे. 1920च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने चित्रांच्या रक्षणार्थ इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी मोठ्या काळजीने चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. हेतू चांगला होता. परंतु ते रोगण पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ते काढण्यासाठी पुढील पिढ्यांस कष्ट करावे लागले. येथे प्रेमानेच इजा केली.

पाहणारांच्या गर्दीने माणसांचीही हानी होते. व्हेनिसच्या मूळ शहरात 1951च्या सुमारास पावणेदोन लाख माणसे राहत होती. 2022 साली ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. ह्याला कारणे अनेक आहेत, पण ज्या घरात माणूस राहत असे तेथे प्रवासी उतरू लागला, हे त्यांतील एक मोठे कारण होय. 2024 साली त्या शहराने एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर ठराविक दिवशी प्रवेशकर बसवून पाहिला. आपल्याकडे साताऱ्याजवळील कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि फुलांच्या हंगामात तेथे रोज किती माणसांना सोडावयाचे ह्यावर मर्यादा घालण्याची वेळ आली. जी फुले पाहावयास माणसे येतात ती त्याच माणसांच्या पायांखाली चिरडावी, ह्याहून मोठा उपहास कोणता?

मग पाहूच नये काय? हे उत्तरही टिकत नाही. ज्या वास्तूकडे कोणी फिरकत नाही तिच्या भिंतीत पिंपळ मूळ धरतो, तिचे चिरे शेजारच्या घरांच्या पायात जातात, आणि शेवटी तिच्याविषयी विचारणारेही कोणी उरत नाही. न पाहणे हाही नाशाचाच एक मार्ग आहे. तो केवळ अधिक शांत आहे. तेव्हा पाहावे की न पाहावे हा खरा वाद नव्हे. कोणत्या नात्याने पाहावे हा वाद आहे. मनुष्य स्थळाकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकतो, किंवा ऋणको म्हणून जाऊ शकतो. गिऱ्हाइकाने पैसे टाकले की त्याचा व्यवहार पुरा होतो. ऋणकोचा व्यवहार मात्र माल हाती आल्यावरच सुरू होतो. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही आपल्या परंपरेने सांगितलेली ऋणे पैशाने फिटत नाहीत, हे सर्वांस ठाऊक आहे. सौंदर्याचे ऋण ह्याच जातीचे आहे, असे मला वाटते.

हे ऋण म्हणजे नेमके काय, हे समजण्यास पुन्हा कंधारकडेच वळू. निजामशाही अखेरच्या घटका मोजीत असता 1631 साली शाहजहानच्या फौजांनी कंधारचा किल्ला घेतला. दख्खनच्या ह्याच मोहिमेसाठी बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपुरास होता, आणि त्याच वर्षी तेथे मुमताजमहलचा अंत झाला. पुढे तिच्यासाठी ताज उभा राहिला. म्हणजे जगातील सर्वांत विख्यात सुंदर वास्तू आणि मराठवाड्यातील हा विस्मृत किल्ला एकाच मोहिमेच्या कथेतील दोन पाने आहेत. ह्या कथेचे तिसरे पान त्याहून दुःखद आहे. 1630 ते 1632 ह्या काळात दख्खन व गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. देहूच्या तुकोबारायांची पहिली पत्नी ह्याच काळातील दुष्काळात अन्नावाचून गेली, असे परंपरा सांगते. मुलूख अन्नान्न करीत होता, फौजा किल्ले घेत होत्या, आणि ह्या सर्वांच्या मधोमध एका राणीच्या शोकातून संगमरवराची कल्पना जन्मास येत होती.

हे कळल्याने ताज कमी सुंदर होतो काय? मुळीच नाही. त्याचा घुमट तसाच राहतो; चांदणे तसेच पडते. कंधारचा कोट ताजच्या तोलाचा आहे असे म्हणणे हाही निव्वळ प्रांताभिमान ठरेल. पण हे जाणून पाहणारा मनुष्य तेथून हलक्या मनाने परतत नाही. आपण जे पाहिले त्याची किंमत कोणी तरी, कोठे तरी भरलेली आहे, आणि भरणारांची नावे प्रवेशपत्रावर छापलेली नसतात, हे त्याला कळते. पाहण्याच्या ऋणाची पहिली ओळख ती हीच.

दुसरी ओळख 'जगत्तुंग समुद्रा'ने पटते. हा तलाव कोणी प्रेक्षणीय स्थळ म्हणून बांधला नव्हता. अवर्षणाच्या मुलखात पाणी अडवावे, माणसांना व गुरांना ते मिळावे, एवढ्यासाठीच असे जलाशय होत असत. त्यांची शोभा ही त्या उपयोगाच्या पोटी आलेली होती. आज त्याच्या काठी उभा राहणारा परका प्रवासी मावळतीचा रंग पाण्यात पाहतो आणि 'वा!' म्हणतो. त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु शेजारच्या लातुरात 2016च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला भरलेला तलाव कसा दिसत असेल? तिच्या तोंडून कदाचित 'वा' निघणार नाही. कदाचित ती मुकाट्याने नुसती पाहत राहील. ह्या दोन पाहण्यांत अधिक खोल कोणते, हे ठरविण्यास रसशास्त्राचा मोठा खल करावयास नको.

येथे एक आक्षेप येईल. गरज आणि सौंदर्य ह्यांची अशी सरमिसळ करू नये, सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो, असे तत्त्वज्ञ सांगतात. तहानलेल्याला पाणी गोड लागते ह्यात पाण्याची शोभा ती कोणती? ह्या आक्षेपात तथ्य आहे. लोभाने पाहणारास वस्तू दिसत नाही, आपला लाभ तेवढा दिसतो. आणि तहानलेल्याचे पाहणेही पुष्कळदा तेवढ्यावरच थांबते. परंतु लाभ आणि कृतज्ञता ह्या एकच नव्हेत. ज्याला तहान ठाऊक आहे व जो त्या क्षणी तहानलेला नाही, त्याच्या नजरेत लोभ नसतो, स्मरण असते. निरपेक्ष आनंद म्हणजे विस्मरणाचा आनंद नव्हे. किंबहुना ज्या आनंदास आपल्या विषयाची किंमतच ठाऊक नाही, त्यास निरपेक्ष म्हणण्यापेक्षा बेफिकीर म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ह्यावरून प्रवाशाचा धर्म कोणता ते ठरविणे अवघड नाही. आपल्या यात्रेकरूंना तो ठाऊक होता. माळेगावच्या खंडोबास किंवा माहूरच्या रेणुकेस जाणारा मनुष्य 'मी देव पाहून आलो' एवढेच मिरवीत नाही; तो काही नेम घेऊन निघतो, वाटेत सोसतो, आणि परतल्यावर प्रसाद वाटतो. गर्दी तेथेही होते, घाणही होते, हे खोटे नाही; यात्रेला पर्यटनाहून निर्दोष ठरविण्याचा माझा हेतू नाही. पण यात्रेच्या कल्पनेत परत येणे हा एक भाग आहे, हे महत्त्वाचे होय. याद्यांच्या प्रवासात परत येणे म्हणजे नुसती पुढच्या प्रवासाची तयारी असते.

तेव्हा ज्यास शक्य असेल त्याने आल्प्स अवश्य पाहावा, व्हेनिसही पाहावे. जाण्यापूर्वी तेथे कोण राहते व त्यांचे काय चालले आहे हे समजून घ्यावे. तेथे गेल्यावर मर्यादेची पाटी दिसली तर तो आपला अपमान समजू नये. आणि लास्कोसारखे एखादे दार बंद आढळले तर बंद दारालाही नमस्कार करून मागे फिरावे. न पाहता राखणे हेही ऋण फेडण्याचेच एक रूप आहे. मुख्य म्हणजे परक्या मुलखात जी दृष्टी मिळाली ती तेथेच सोडून येऊ नये. व्हेनिसचे पाणी पाहून आलेल्याने आपल्या गावचा खंदक गाळाने भरताना पाहून उगे राहावे, ताजच्या जाळीवर लुब्ध झालेल्याने आपल्याकडील कोरीव चिरा गोठ्याच्या पायरीला लागलेला पाहून काहीच बोलू नये, तर त्याने जग पाहिले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि ज्यास कोठेच जाणे शक्य नाही, त्याचे काय? अशी माणसे पुष्कळ आहेत. किंबहुना तीच बहुसंख्य आहेत. याद्यांच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य अपुरे ठरते. परंतु ऋणाच्या हिशेबाने पाहता, ज्या कंधारकराने आयुष्यात नांदेडपलीकडे पाऊल टाकले नाही, पण तलावाच्या बांधावरील एक ढासळलेला दगड उचलून जागी बसविला, त्याचे पाहणे पुरे झाले आहे. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी तो बांध घातला त्यांचे देणे त्याने थोडे फेडले. आणि पुढे जे पाणी प्यावयास येतील, त्यांच्या नावे थोडे जमा केले.