चौकशी : एक विसरलेली आज्ञा

वाचन : २ शमुवेल १३:१-२२, उत्पत्ती ३९, अनुवाद १९:१५-१८



तामारेची गोष्ट आपण उपासनेत क्वचितच वाचतो. सावत्र भाऊ अम्नोन आजाराचे सोंग घेतो, राजाच्याच निरोपाने तिला घरी बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहावयास सांगतो. दावीद राजाच्या कानी सारे जाते व तो फार संतापतो. इब्री पाठात वचन तेथेच संपते. प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र एक वाक्य अधिक आहे. अम्नोन ज्येष्ठ पुत्र होता, राजाचे त्याच्यावर प्रेम होते, म्हणून राजाने त्याचे मन दुखविले नाही, असा त्याचा आशय. कुमरान येथे सापडलेल्या शमुवेलाच्या एका हस्तलिखितातही त्याच्या खुणा आढळतात. ते वाक्य मजकुरात घ्यावे की तळटीपेत, हा आम्हा भाषांतरकारांचा वाद. ज्याने एखाद्या संस्थेच्या कार्यालयात वर्षे काढली आहेत, त्याला ते वाक्य ओळखीचे वाटेल.

आता पोटीफराचे घर पाहा. बायको योसेफावर आळ घेते, धनी संतापतो आणि योसेफाला तुरुंगात टाकतो. त्याला एक शब्दही विचारल्याचा उल्लेख नाही. राग भडकण्याचे इब्री क्रियापद दोन्ही ठिकाणी एकच आहे. (जाता जाता : योसेफाला बापाने दिलेला झगा आणि तामारेने फाडलेला झगा यांसाठीही एकच शब्दप्रयोग आहे, आणि या दोघांखेरीज जुन्या करारात तो कोणाच्याही वस्त्रासाठी येत नाही.) एका घरात दोषी सुटला, दुसऱ्या घरात निर्दोष अडकला. संताप दोघाही धन्यांना आला. चौकशी दोघांनीही केली नाही.

नियमशास्त्र संतापावर थांबत नाही. गंभीर आरोप कानी आला असता काय करावे, हे अनुवाद १३:१४ मध्ये तीन क्रियापदांनी सांगितले आहे : शोध घेणे, खोलवर तपासणे, विचारणे, आणि वर ‘नीट’ हे क्रियाविशेषण. आपल्या समित्यांना मात्र अनुवाद १९:१५ तेवढे पाठ असते. दोन साक्षीदार नाहीत, सबब तक्रार दप्तरी दाखल! पण ते वचन दोष ठरविण्याविषयी आहे. त्याच्याच पुढे, एकटाच साक्षीदार उभा राहिला असता दोन्ही पक्षांनी परमेश्वरासमोर उभे राहावे आणि न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, असे आहे. खोटी साक्ष उघडकीस येते तीही त्याच चौकशीने. योसेफाला तीच हवी होती.

दाविदाचा काळ दूरचा वाटत असेल, तर जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावाकडे पाहा. तेथे भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह रोखणे हे त्यांना नेमून दिलेले काम. १९९२ मध्ये त्यांनी गावातील एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबविण्याचा प्रयत्न केला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी पतीसह शेतात काम करीत असता त्याला मारहाण झाली व आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी त्यांची फिर्याद. ‘फिर्याद’ हा शब्द मी जाणून वापरतो, कारण नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना मुक्त केले. त्यावरील अपील पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. पण विचारपूस कशी झाली, ते पाहा. पोलिसांनी आरंभीच अविश्वास दाखविला. वैद्यकीय तपासणीस दोन दिवसांहून अधिक काळ लागला. खटला चालू असता न्यायाधीश बदलत गेले. शेतात फोडलेली किंकाळी ऐकावयास कोणी नसते, एवढे तरी नियमशास्त्राला (अनुवाद २२:२५-२७) ठाऊक होते.

जे काम करताना हे ओढवले ते काम सरकारचे. मग काम देणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही काय? हा प्रश्न घेऊन जयपूरची ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश वर्मा, न्या. सुजाता मनोहर व न्या. किरपाल यांनी प्रत्येक कामाच्या ठिकाणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतूनच २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत तक्रार समिती हवी. वरिष्ठ स्त्री अध्यक्ष, निम्म्या तरी स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, दोन्ही बाजू ऐकल्या जाव्यात, नावे बाहेर फुटू नयेत. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. आपल्या शाळा, दवाखाने, मंडळीची कार्यालये यांतून वगळलेली नाहीत.

याच कायद्यातील एका कलमाने माझी झोप उडविली. समेट करावयाचा तर तो तक्रारदार स्त्रीनेच मागितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती संस्थेच्या समितीवर मी होतो. कार्यालयातील एका भगिनीने तेथील प्रमुखाविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. आम्ही प्रार्थनेने सुरुवात केली. प्रार्थनाही मीच केली, आणि तीत क्षमेविषयी बरेच बोललो. मग संस्थेची साक्ष बिघडेल, असे कोणी म्हणाले. तिने काय सोसले हे कोणी विचारले नाही; त्या गृहस्थांनाही प्रश्न केला नाही, त्यांच्याशी नुसते हस्तांदोलन केले. त्यामुळे ते दोषी होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. तिने महिन्याभरात नोकरी सोडली. त्यांच्याविषयीची कुजबुज ते निवृत्त होईपर्यंत व्हरांड्यातून चालूच राहिली.

१ तीमथ्य ५:२१ चे भाषांतर करताना तो दिवस आठवला. तेथे पौल दोन ग्रीक शब्द वापरतो. नव्या करारात दोन्ही अन्यत्र आढळत नाहीत. एकाचा अर्थ ऐकण्याआधीच निकाल ठरविणे, दुसऱ्याचा एका बाजूला कलणे. दुसऱ्या शब्दाला नेमका मराठी शब्द शोधण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली.

वाचकहो, येत्या पंचायतीच्या किंवा विश्वस्तांच्या सभेत एवढे विचाराल काय : आपल्याकडे अशी समिती आहे का? तिच्या सदस्यांची नावे शिपायापासून परिचारिकेपर्यंत सर्वांना दिसतील अशी लावली आहेत का? आणि बाहेरचा म्हणून घेतलेला सदस्य खरोखर बाहेरचा आहे, की अध्यक्षांचा व्याही?