मुद्देमाल की मालमत्ता?

‘घोटाळेबाजांच्या मोटारी उचलून आणणं हा फोटो काढण्याचा कार्यक्रम आहे, ठेवीदाराच्या हाती त्यातून दमडी लागत नाही,’ असं विधान यंदा वर्ध्याच्या एका व्याख्यानात ऐकलं. वक्ते कायद्याचे जाणकार होते. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. हिंगणीकडे परतताना सेलू मागे पडलं आणि ताई आठवली. तेव्हापासून त्या टाळ्या मला टोचताहेत.

ताई माझी चुलत बहीण. नवरा गेल्यावर तिनं दोन एकर वावर विकलं आणि आलेल्या पैशातले चार लाख एका गुंतवणूक योजनेत घातले. ती कंपनी इतकी लहान, की बुडाली तेव्हा वर्तमानपत्रात धड बातमीही आली नाही. कंपनीचा माणूस गावात आला तो पांढऱ्या, उंच, महागड्या गाडीतून. बोर धरणाकडे आणि व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या आम्ही रोज बघतो, पण ही गाडी ताईच्या अंगणात थांबली होती. मी तिला सावध केलं तेव्हा ती म्हणाली, “एवढी मोठी गाडी ज्याच्याजवळ हाये, तो माहे चार लाख कायले खाईन?”

वक्त्यांची बाजू आकड्यांच्या जोरावर भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयानं फेब्रुवारी 2018 मध्ये नीरव मोदीच्या 9 गाड्या ताब्यात घेतल्या. एप्रिल 2019 मध्ये नीरव मोदी आणि सहआरोपी मेहुल चोक्सी यांच्या मिळून 13 गाड्या ऑनलाइन लिलावात निघाल्या. रोल्स-रॉईस घोस्टला 1.33 कोटी आले आणि एकूण 3.29 कोटींच्या बोली लागल्या. घोटाळा 13 हजार कोटींच्या वरचा. म्हणजे शंभर रुपयांमागे जेमतेम अडीच पैसे. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना फेब्रुवारी 2018 मध्ये अटक झाली. त्यांच्या जप्त गाड्यांच्या लिलावाचा मार्ग मोकळा व्हायला 2020 उजाडलं. अडीच पैशांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल.

मला तसं वाटेनासं झालं ते ताईच्या वाक्यामुळे आणि थॉर्स्टिन व्हेब्लेनमुळे. हा अमेरिकन अर्थचिंतक मी तरुणपणापासून वाचत आलो. 1899 च्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’मध्ये त्यानं दाखवून दिलं, की संपत्ती नुसती असून भागत नाही, ती लोकांना दिसावी लागते, उधळण करता येते तिथंच मान मिळतो. पण त्याचा श्रीमंत माणूस उधळतो ते स्वतःच्या मालकीचं, आणि बदल्यात त्याला हवा असतो मान. आपल्याकडचा ठेवी गोळा करणारा ठकसेन पहिल्या ठेवीदाराच्या पैशातून गाडी घेतो आणि ती दुसऱ्या ठेवीदाराच्या अंगणात उभी करतो. बदल्यात त्याला हवी असते ठेव. ताईसाठी ती गाडी म्हणजे ताळेबंद होता, तारण होतं, जामीन होता. ती लुटीचं अवजार होती. दरोडेखोराची कुऱ्हाड जप्त झाली तर तिची बाजारात किंमत किती, असं आपण विचारत नाही.

याच वर्ध्यात पत मोजण्याची दुसरी रीत होती. सेवाग्रामच्या आठवणींत बैल जुंपलेल्या एका फोर्ड मोटारीचा उल्लेख येतो. तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. जमनालाल बजाजांसारख्या व्यापाऱ्यावर माणसं विसंबत ती त्याच्या मोटारीकडे बघून नव्हे. ती रीत आपण कधी हरवली हे मला सांगता येणार नाही, पण ती हरवल्याचं दुःख मला आहे.

म्हणून गाडी जप्त व्हावी. माझं भांडण पुढच्या टप्प्याशी आहे. गाडी ठाण्याच्या आवारात आली की तिच्यावर गुन्ह्याचा क्रमांक पडतो आणि ती मुद्देमाल होते. मुद्देमाल खटला संपेपर्यंत सांभाळायचा, अशी रूढी आहे. ठेवीदाराच्या लेखी मात्र ती मालमत्ता आहे आणि मालमत्तेला भाव असेपर्यंतच अर्थ आहे. ताईला भुलवणारी ती पांढरी गाडी मी एका ठाण्यामागे बाभळीखाली पाहिली. चारही चाकं बसलेली, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, छतावर शेंगा आणि पाखरांची घाण. दोन पावसाळे गेले होते.

इथं खरा आक्षेप येतो, आणि तो वक्त्यांच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे. गुन्हा शाबीत होण्याआधी माणसाची वस्तू विकायची, म्हणजे निकालाआधी शिक्षा नव्हे का? उद्या तो निर्दोष सुटला तर? मी यावर बरेच दिवस अडलो होतो. घराच्या बाबतीत मी आजही हा आक्षेप मानतो. घरात आठवणी असतात, जमिनीचा भाव वाढतो. निकालापर्यंत त्यांना हात लावू नये. गाडीचं तसं नाही. ती उभ्या जागी मरते. ती न विकणं हीच आरोपीला निकालाआधीची शिक्षा आहे, आणि ठेवीदारालाही. विकून रक्कम न्यायालयाच्या नावे बँकेत ठेवली, तर सुटलेल्या माणसाला भंगाराऐवजी व्याजासह पैसे मिळतील. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर तो हिशेबही लिलावाआधीच मांडता येतो.

कायदा या बाजूला कधीचाच आला आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2002 सालीच बजावलं होतं, की वाहनं ठाण्यात कुजवू नका, फोटो आणि पंचनामा पुराव्याला पुरेसे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 प्रमाणे मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर 14 दिवसांत त्याचं विवरण करायचं, छायाचित्रण करायचं आणि पुढच्या 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा तर 1999 चा; त्यात जप्त मालमत्तेतून ठेवीदारांना वाटप करण्यासाठी सक्षम प्राधिकारी आणि विशेष न्यायालय, दोन्ही आहेत. कापसाचा चुकारा आठ दिवस लांबला तर आमच्याकडे कास्तकार बाजार समितीत जाऊन बसतो. बाभळीखालच्या गाडीसाठी कुणी जाऊन बसत नाही, कारण ती आपली आहे हे ठेवीदाराला कुणी सांगितलेलंच नाही.

मी ताईला सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ठाण्यात गेलो. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, पदरानं काच पुसून आत पाहिलं आणि बाहेर आलेल्या हवालदाराला विचारलं, “दादा, हे आता कितीले जाईन?”