हसू कोणाच्या जीवावर?

कादर खान नट होण्याआधी आमच्याच बिरादरीचे, म्हणजे मास्तर होते. भायखळ्याच्या साबू सिद्दिक कॉलेजात ते सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत. त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडे कडक बोलण्याचा हक्क मला आहे, असे मी धरून चालते.

कामाठीपुऱ्याच्या गरिबीतून हा माणूस लेखणीच्या जोरावर वर आला. ‘रोटी’ (१९७४), ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७), ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८) यांचे संवाद त्यांचे. ‘मुकद्दर’मधला कब्रस्तानातला फकीरही तेच. आईच्या कबरीवर रडणाऱ्या पोराला तो दुःखाला हसून तोंड द्यायला शिकवतो. हे हसू स्वतःच्या दुःखावरचे आहे. त्यात दुसऱ्या कोणाचे काही जात नाही.

पुढे ‘हिम्मतवाला’ (१९८३) आणि तसले चित्रपट आले, संवाद दुहेरी अर्थाचे झाले. बाजाराची मागणी होती म्हणतात. असेल. घर चालवणाऱ्याला मी त्यावरून जाब विचारणार नाही.

मला छळतो तो ‘मुझसे शादी करोगी’ (२००४) मधला दुग्गल. लेखन दुसऱ्यांचे, अभिनय कादर खान यांचा. हा घरमालक एके दिवशी आंधळा, दुसऱ्या दिवशी बहिरा, कधी मुका. टीव्हीवर तो बघून आमचे सगळे घर हसायचे, मीसुद्धा.

माझ्या वर्गात एक मुलगा कमी ऐकतो. मुले कानाला हात लावून ‘दुग्गलसाब’ म्हणून त्याला चिडवू लागली. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्याची मनाई आहे, ती मी वर्गाला समजावली. समजावताना स्वतःचे हसणे आठवत होते. दोष लिहिणाऱ्याचा, करणाऱ्याचा की घरी बसून हसणाऱ्याचा?

३१ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडात कादर खान यांचा इंतकाल झाला. अखेरच्या आजारात त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. दुग्गलशी त्याचा संबंध जोडून कोणी नसीहत करू लागले, तर मी तिथून उठून जाते.

गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनात दुग्गलची नक्कल कोणी केली? त्याच मुलाने. अगदी हुबेहूब. सगळा हॉल हसला, तोही हसला. मुलांनी हसण्याआधी त्याने स्वतःच हसून घेतले, की त्याला खरेच मजा आली, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.