तिला कोणी विचारले?

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातले 'मरणोन्मुख राजकन्या' हे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला आणि त्याची पत्नी सुंदरी कोसळली, तो हा प्रसंग. तिला कोणी विचारले नव्हते. पण चित्रकाराने आपली सारी करुणा तिलाच दिली.

अजिंठ्याहून वेरूळला गेले की मला अशीच आणखी एक राजस्त्री आठवते, देवलदेवी. गुजरातच्या कर्ण वाघेल्याची ही मुलगी. १२९९ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेने गुजरात जिंकले. तिची आई कमलादेवी सुलतानाच्या जनानखान्यात गेली. बाप पुढे बागलाणात राहिला. देवगिरीच्या शंकरदेव यादवाने देवलला मागणी घातली, तेव्हा कर्णाचा कुलाभिमान आड आला. पुढे दिल्लीची फौज चालून आली आणि त्याच कर्णाने मुलीला घाईघाईने देवगिरीच्या वाटेला लावले. फरिश्ता सांगतो की, वेरूळची लेणी पाहायला आलेल्या सुलतानाच्या शिपायांशी त्या मंडळींची गाठ पडली आणि देवल पकडली गेली. दिल्लीस शहाजादा खिज्रखानाशी तिचे लग्न झाले. त्या प्रेमावर अमीर खुस्रोने काव्य लिहिले. पण ते लिहविले खुद्द खिज्रखानाने! १३१८ साली भावाच्याच हुकमाने त्याचा ग्वाल्हेरीस वध झाला.

शत्रूने तिला पळविले याची आपल्याला चीड येते, आणि ती यावीच. परंतु मनाला एक प्रश्न विचारून पाहावा. ती देवगिरीला सुखरूप पोहोचली असती, तर तिच्या इच्छेने काही घडले असते का? नकार बापाच्या अभिमानाचा होता, होकार बापाच्या भीतीचा. शिपायांनी केला तो उघड जुलूम; बापाने केले त्याला आपण राजकारण म्हणतो. दोहोंचे पाप सारखे नव्हे, हे खरे. पण तिचे मौन दोन्हीकडे सारखेच गृहीत धरले गेले. माया करणाऱ्याने गृहीत धरले म्हणून ते मौन संमती ठरत नाही.

आता दिवाळी सरेल, तुळशीचे लग्न लागेल आणि घरोघर स्थळांची बोलणी सुरू होतील. आपल्याकडे ना राज्य, ना फौज. तरी घराण्याची प्रतिष्ठा आणि सोय आपणही मांडतोच. त्या बैठकीत चहा घेऊन आलेल्या मुलीला, ती परत आत वळण्यापूर्वी, कोणीतरी म्हणावे, "बस ना जरा. तुझे काय म्हणणे आहे?" आणि ती बोलेपर्यंत थांबावे.