आजचं चिंतन : पारध्याची रात्र



आज शिवलीलामृताचा दुसरा अध्याय. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये बारामतीत हा ग्रंथ पूर्ण केला. आपल्यापैकी अनेकांनी यातली व्याध आणि हरिणीची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली असेल.

पारधी तळ्याकाठी बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो. घरी बायकापोरं उपाशी. नजरेआड येणारी पानं तो तोडून खाली टाकतो. खाली शिवलिंग आहे, हे त्याला माहीतच नाही. रात्र महाशिवरात्रीची. हरिणी येते, तो बाण लावतो. ती म्हणते, घरच्यांना भेटून परत येते, मग मार. आणि तो तिला जाऊ देतो!

आता माझी गोष्ट. मी पुण्यात नोकरी करतो, घर उमरेडला. गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुट्टीत बाबांना घेऊन कऱ्हांडल्याच्या सफारीला गेलो. २०१६ मध्ये दिसेनासा झालेल्या ‘जय’ वाघाचं हे जंगल. मला वाघाचा फोटो हवा होता. पळस नुकता फुलला होता. एका वळणावर चितळांचा कळप दिसला, एक पाडस आईला ढुशा देत होतं. बाबा म्हणाले, "पाच मिनिटं थांब ना रे." मी म्हटलं, "बाबा, चितळ तर कुठंही दिसतात. वेळ संपते आहे." जिप्सी पुढे काढायला लावली.

बाबा हळूच म्हणाले, "जंगल पाहाले आलो आन् तू घड्याळ पाहून रायला."

वाघ दिसला नाही. रात्री घरी हा अध्याय वाचायला बसलो आणि त्या हरिणीपाशी अडकलो. पारध्याने तिला पूर्ण रात्र दिली. मी बापाला पाच मिनिटं दिली नाहीत.

नीट बघा, पारध्याकडे धीर आधीपासून होताच. धीर बगळ्याकडेही असतो, एका पायावर उभा राहतो बिचारा! पण तो धीर घेण्यासाठी असतो. म्हणजे लोभच, फक्त शांत बसलेला. त्या रात्री पारध्याचं वाट पाहणं बदललं. आधी तो हरिणीचा जीव घ्यायला थांबला होता, नंतर तिच्या शब्दावर विश्वास ठेवून थांबला. झाड तेच, रात्र तीच, भूकही तीच. पहाटे हरणं शब्द पाळून खरोखर परत आली, तेव्हा त्याच्याने बाण सुटेना.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळाची शिकार बंद आहे. आपल्या हातात धनुष्य नाही. पण कॅमेरा, यादी, घड्याळ आहे, आणि नजर पारध्याचीच. ट्रेकला गेलो तरी ‘मिळालं का?’ हाच प्रश्न. देवळातही तोच.

म्हणून आजची साधना छोटी आहे. आज कुठेतरी दहा मिनिटं काहीही मिळवायचं नसताना थांबा. झाडाखाली, गच्चीवर, नाहीतर आईबाबांजवळ. फोन खिशात.

थंडी सरताना संध्याकाळी आभाळात मृग नक्षत्र दिसतं, जवळच व्याधाचा ठळक तारा. कथेच्या शेवटी दोघांनाही आभाळात जागा मिळाली, हरणांना आणि पारध्यालाही. आज दिसले तर बाबांना फोन लावून मी एवढंच विचारणार आहे, "पुढच्या सुट्टीत चितळं पाहायला जायचं का?"

हर हर महादेव!