ते नाव आणि ती नाव



चातुर्मासातील कीर्तनात एक युक्तिवाद आपण अनेकदा ऐकला असेल. बुवा विचारतात, "भवसागर तरून जाण्यास काय पाहिजे?" श्रोते उत्तरतात, "नाव!" बुवा लगेच म्हणतात, "मग घ्या की ते! देवाचे नाव हीच ती नाव." टाळ वाजतात, सभा डोलते. दृष्टांत म्हणून हे गोडच आहे. परंतु हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, सबब नामाने तरणे सिद्ध झाले, असे कोणी पुढे सांगू लागला की थांबावे लागते. असत्याच्या टेकूवर उभी केलेली श्रद्धा टेकू निघताच कलंडते, आणि आपली शिकलेली मुले तो टेकू आज ना उद्या काढणारच.

'ते नाव' आणि 'ती नाव' या लिंगभेदातच पहिली साक्ष आहे. पहिला शब्द संस्कृत 'नामन्' या शब्दापासून आला. दोन स्वरांमधला 'म' प्राकृतातून उतरताना नाकातल्या 'व'चे रूप घेतो. ग्रामाचा गांव झाला, आमलकाचा आंवळा झाला, आणि श्यामल तो आपला सांवळा झाला. तसेच नामाचे नांव. दुसरा शब्द 'नौ' पासून निघालेला. त्यात 'म' कधी नव्हताच. म्हणून जुन्या छापील पुस्तकांत पहिल्यावर अनुस्वार असे, दुसऱ्यावर नसे. 1962 च्या लेखननियमांनी तो अनुस्वार उतरविला आणि दोघे एकाच पोशाखात वावरू लागले. आपल्या कोंकणीने मात्र 'नांव' मधला नाकातला स्वर अजून सोडलेला नाही. घरातील म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून तो ऐकावा, त्या जुन्या 'म'ची भेट होते.

दोन्ही शब्दांचे गोत दूरवर पसरले आहे. लॅटिनमध्ये 'नोमेन' आणि 'नाविस', ग्रीकमध्ये 'ओनोमा' आणि 'नाउस', फारसीत 'नाम' आणि 'नाव'. इंग्रजी 'नेम' आणि 'नेव्ही' हे शब्द त्याच दोन घराण्यांतले. गोव्यावर 1510 पासून 1961 पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेत नावाला 'नोम' म्हणतात, आणि ज्या गलबतांतून ते आले त्यांना 'नाउ' म्हणत. म्हणजे जेत्याच्या आणि जिताच्या मुखी एकाच मुळाचे शब्द होते! संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे हे नाते विल्यम जोन्स याने 1786 साली कलकत्त्याच्या सभेत मांडले. मात्र नुसत्या सारखेपणाला भुलू नये. जपानी भाषेत नावाला 'नामाए' म्हणतात, तो निव्वळ योगायोग. उलट शेजारचा कानडी माणूस 'हेसरु' म्हणतो. त्याचा आणि आपल्या शब्दाचा काही संबंध नाही, पण म्हणून त्याने घेतलेले विठ्ठलाचे नाव उणे ठरत नाही.

मग नामाचे सामर्थ्य कशात? भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाने मरणसमयी हाक मारली ती नारायण नावाच्या मुलाला. त्याला व्युत्पत्ती ठाऊक नव्हती, आणि ती त्याला कोणी विचारलीही नाही.

आपली वाणी मात्र विलक्षण आहे. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, ते नाव ठेवणे. आणि देवळाच्या ओसरीवर बसून शेजाऱ्याची उणी काढतो, ते नावे ठेवणे. पुत्र कुळाचे नाव काढतो किंवा बुडवितो. या 'बुडविण्यात' दोन्ही नावा भेटतात खऱ्या. व्याकरणाने वेगळ्या ठेवलेल्यांना लोकांच्या बोलीने जवळ आणले. तशीच एक भक्ती 'नावाला' असते. कोणाची, हे ज्याने त्याने ओळखावे.

छांदोग्याच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतो. चारही वेद, इतिहास-पुराणे, गणित, नक्षत्रविद्या असे आपण शिकलेले सारे तो मोजून दाखवितो आणि कबूल करतो की, मला मंत्र ठाऊक आहेत, आत्मा ठाऊक नाही. माझा शोक हटलेला नाही. सनत्कुमार सांगतात, हे सर्व नामच आहे. तू नामाची उपासना कर. नामाला ते हलके लेखीत नाहीत, तेथूनच प्रारंभ करवितात. पण नारद तेथे थांबत नाही. नामाहून मोठे काही आहे काय, असे तो विचारतो. आहे, म्हणतात गुरू, वाणी आहे. मग वाणीहून मोठे काय? मन. मग मनाहून? असा तो एकेक पायरी विचारीत भूम्यापर्यंत जातो, आणि गुरू त्याला कोठेही अडवीत नाहीत.