टेलिफोन बूथमधला निळा उजेड

११ जून २०२५च्या रात्री वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये ‘ले मिझराब्ल’चा प्रयोग होता आणि प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प सपत्नीक बसले होते. ज्याँ वालज्याँ तुरुंगातून सुटतो तेव्हा त्याला एक पिवळा कागद मिळतो. तो दाखवला की कोणी काम देत नाही, कोणी थारा देत नाही. वैतागून तो कागद फाडतो आणि मग जावेर नावाचा पोलीस नाटक संपत आलं तरी त्याचा पिच्छा सोडत नाही. त्याच आठवड्यात लॉस एंजेलिसमध्ये कागद नसलेल्यांची धरपकड चालू होती, लोक रस्त्यावर उतरले होते आणि ट्रम्प यांनी तिथे नॅशनल गार्ड धाडले होते. केनेडी सेंटरमध्ये काहींनी त्यांची हुर्यो उडवली, काहींनी जयजयकार केला. जावेरच्या बाजूने मात्र त्या सभागृहात कोणी बसलं असेल असं वाटत नाही. जावेर कोणालाच व्हायचं नसतं.

उन्हाळा आला की अमेरिकेत ‘स्थलांतरितांचा अनुभव’ या मथळ्याखाली नाट्यमालिका लागतात. पोस्टरवर बहुधा एक जुनी बॅग असते. आपल्याकडे मे-जूनमध्ये मुलाकडे जाऊन आलेले काही विचारवंत गणपतीच्या आत त्यावर लेख लिहून मोकळे होतात. त्यांचं प्रमेय सरळ आहे : नाटक पाहून मन द्रवतं आणि मन द्रवलं की दार उघडतं. साक्षीला ॲरिस्टॉटल येतो, जागा उरली तर भरतमुनीही. प्रमेयाचा पहिला अर्धा भाग कोणी नाकारणार नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाची परीक्षा मात्र एकदा होऊन गेली आहे, आणि निकालही लागलेला आहे.

५ ऑक्टोबर १९०८. शहर तेच, वॉशिंग्टन. इस्रायल झँगविलचं ‘द मेल्टिंग पॉट’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट प्रयोगाला हजर होते. नायक डेव्हिड हा किशिनेवच्या कत्तलीत घरचे सगळे गमावून न्यूयॉर्कला आलेला ज्यू संगीतकार. त्याचं प्रेम जडतं ते त्याच कत्तलीला जबाबदार असलेल्या रशियन अधिकाऱ्याच्या मुलीवर. शेवटचा अंक चार जुलैच्या संध्याकाळी एका गच्चीवर घडतो : सगळ्या जातीजमाती एका मुशीत वितळून नवा अमेरिकन घडणार, असं स्वप्न. रूझवेल्ट खूश झाले. नाटक छापलं गेलं ते त्यांनाच अर्पण करून. याच रूझवेल्टनी त्याच सुमारास जपानशी करार करून जपानी मजुरांची वाट बंद केली होती, पण त्या गच्चीवर जपानी नव्हतेच.

झँगविल स्वतः लंडनचा. अमेरिकेत तो कधीच स्थायिक झाला नाही. पण त्याची संघटना रशियातल्या ज्यूंना टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदराकडे धाडत होती आणि १९०७ ते १९१४ या काळात जवळपास दहा हजार माणसं त्या वाटेने गेली. त्याचा हेतू खोटा नव्हता. ‘मेल्टिंग पॉट’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात गेला, भाषणांत गेला. १९२४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला : १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक होते, त्याच्या दोन टक्के दरवर्षी घ्यायचे. वर्ष मुद्दाम मागचं निवडलं होतं, कारण पूर्व आणि दक्षिण युरोपचा मोठा लोंढा त्यानंतरचा. झँगविल १९२६ पर्यंत जगला. आपण लिहिलेल्या मुशीला झाकण बसलेलं त्याने पाहिलं.

मग ज्यांचा हा ‘अनुभव’, ते लोक स्वतः काय पाहत होते? न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीवर १८९२ मध्ये जेकब गॉर्डिनचा ‘ज्यू किंग लिअर’ गाजत होता, मुख्य भूमिकेत जेकब ॲडलर. गोष्ट विल्ना शहरातली. बाप इस्टेट वाटून टाकतो, आंधळा होतो, भीक मागतो. त्यात कुठेही जहाज नाही, बॅग नाही. समोर बसलेल्या शिवणकामगारांनी आपापले आईबाप असेच मागे ठेवले होते. प्रयोग पाहून माणसं दुसऱ्या दिवशी घरी पैसे पाठवायला बँकेत रांग लावत, अशी आख्यायिका आहे. मराठीत हीच गोष्ट जयवंत दळवींनी मागे राहिलेल्यांच्या बाजूने ‘संध्याछाया’त लिहिली. (दळवी नोकरीला होते ते अमेरिकन सरकारच्या मुंबईतल्या माहिती खात्यात.)

यिडिश थिएटरचा धंदाही आपल्याला ओळखीचा वाटेल. आठवड्याच्या मधल्या वारांना अख्खा प्रयोग एखाद्या गावच्या मंडळाला किंवा युनियनला विकत, आणि ते तिकिटं खपवून आपल्या कामासाठी निधी उभा करत. म्हणजे कंत्राटी प्रयोग! परळच्या दामोदर हॉलमध्ये कोकणातल्या गावमंडळांनी वर्षानुवर्षं हेच केलं. गावच्या देवळासाठी, शाळेसाठी तिकिटं गळ्यात मारली आणि रंगमंचावर काय? नमन. गण, गौळण, संकासूर. चाकरमान्याला रंगमंचावर चाकरमानी बघायचा नव्हता, तो तर रोज गिरणीत भेटायचाच.

इथपर्यंत प्रस्तुत लेखकाचं मत पक्कं होतं : बाहेरच्यांना दाखवायला केलेलं स्थलांतरितांचं नाटक हे टाळ्यांपुरतं, खरं नाटक ते जे आपल्या माणसांसाठी होतं. हे मत सुटसुटीत होतं. ते मोडलं आर्थर मिलरने.

मिलरचे वडील पोलंडच्या भागातून लहानपणी आलेले. ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ १९५५ चं. ब्रुकलिनच्या रेड हुकमधला गोदी कामगार एडी कार्बोन बायकोच्या नात्यातल्या दोन इटालियन भावांना घरात लपवतो. बोटीतून चोरून आलेल्या अशा माणसांना गोदीत ‘पाणबुड्या’ म्हणतात. एडी सुरुवातीला घरच्यांना एका पोराची गोष्ट सांगतो : त्याने आपल्याच काकाची खबर दिली, तेव्हा बापाने आणि भावांनी त्याला जिन्यावरून फरफटत खाली आणलं. मग घरात लपवलेल्या दोघा भावांतला धाकटा, रोडॉल्फो, एडीच्या लाडक्या भाचीच्या प्रेमात पडतो. रंगमंचाच्या कडेला एक टेलिफोन बूथ असतो, इतका वेळ अंधारात. आता त्यात फिकट निळा उजेड चढू लागतो. एडी आत जातो, इमिग्रेशनच्या कार्यालयाला पत्ता देतो, आपल्याच घराचा. स्वतःचं नाव देत नाही. त्या फोनपायी इमारतीत उतरलेले आणखी दोघे, खाटकाच्या नात्यातले, हकनाक सापडतात.

इथे द्रवायला सवड नाही. एडी आपल्याला आवडलेला असतो, म्हणून त्या बूथमध्ये प्रेक्षकही त्याच्यासोबत शिरतो. झँगविलने पाहुणा दाखवला, मिलरने आधी आलेला यजमान दाखवला. जून १९५६ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने मिलरला बोलावून जुन्या साथीदारांची नावं विचारली आणि त्याने ती दिली नाहीत, म्हणजे खबर देण्याचा हा विषय त्याला घरचाच होता.

मुंबईत आधी आलेल्या यजमानाची ही जागा अनोळखी नाही. बाप कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेला, आणि मुलगा १९६६ नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध घोषणा देणारा : अशी घरं लालबाग-परळला होती. कोकणातून मुंबईला येणं हे आपल्याच मुलखातलं येणं, असा आक्षेप येईल आणि तो बरोबरही आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत आणखी एक वळकटी पसरली जाते, तेव्हा मुलखाचा नकाशा कोण काढून बघतो? त्या खोलीतलं नाटक मराठीला हवं आहे, संकासुराइतकंच.

१९५६ मध्ये पीटर ब्रूकने मिलरचं नाटक दोन अंकांत लंडनला बसवलं, तेव्हा संहिता तपासणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाने हरकत घेतली. दारूच्या नशेत एडी रोडॉल्फोचं चुंबन घेतो, ते चालणार नव्हतं. मग पळवाट निघाली : कॉमेडी थिएटरमधला प्रयोग क्लबचा झाला, प्रेक्षकांनी आधी सभासदत्व घेतलं आणि पडदा वर गेला. हरकत होती ती चुंबनाला. टेलिफोनच्या प्रसंगाने कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.